ऑयलरची वाट

ऑयलर या माणसावर माझा जुना राग आहे. गणितात कुठेही हात घाला, हा तिथे आधीच येऊन बसलेला असतो. ऑयलरचा आकडा, ऑयलरची रेषा, ऑयलरचे कोन, फिरत्या वस्तूंची ऑयलरची समीकरणं. उभा खांब किती वजनाला वाकेल याचं सूत्रसुद्धा ऑयलरचंच. डोळे गेले तरी गप्प बसला नाही, तोंडी सांगत राहिला आणि दुसरे लिहीत राहिले. इंजिनिअरिंगच्या पोरांना मी हे वर्षानुवर्षं शिकवते आहे. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम, या एकट्याने एवढं केलं तर बाकीचे काय करत होते? मी सांगते, बाकीचे त्याला नावं देत होते. पोरं हसतात. पूर्वी मीही हसायचे.

मी गार्गी. हुडकेश्वरच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, एकटी राहते. इथली बहुतेक घरं एकाच गावची आहेत. ते गाव धरणात गेलं, तेव्हा रुपरावकाकांनी सगळ्यांना गोळा करून इथे एकमेकांना लागून प्लॉट घ्यायला लावले. मी शहराच्या जुन्या महाल भागातली, म्हणजे यांच्यात उपरीच. त्यांनी मला मॅडम म्हणून सामावून घेतलं, हळदीकुंकवाला बोलावलं, आणि लग्न का नाही केलं हे फक्त पहिली दोन वर्षं विचारलं. तेवढं मी सोसलं.

गाव पाण्याखाली गेलं तरी त्यांनी आपली मारबत सोबत आणली. शहरातली मारबत मी लहानपणापासून पाहिलेली आहे, बँड, गर्दी, बडग्या नावाच्या पुतळ्यांवर लिहिलेले टोमणे. यांची तशी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना बांबूच्या कामट्यांची आणि पळसाच्या पानांची माणसाएवढी बाई करतात, तिला जुनं लुगडं नेसवतात, आणि चौघं जण तिला खांद्यावर घेऊन लेआउटच्या सगळ्या गल्ल्या फिरतात. दारातली बाई हळूच म्हणते, घेऊन जा गे मारबत. त्या घरचं दुखणंखुपणं, कटकट, नजर, जे असेल ते मारबत उचलते. नियम कडक आहेत. एकही गल्ली सुटता कामा नये. आणि एका गल्लीतून दुसऱ्यांदा जायचं नाही, कारण तसं केलं तर उचललेलं तिथेच सांडतं. शेवटी तिला नाल्यात सोडायचं आणि मागे न बघता घरी यायचं.

सुरुवात माझ्या दारासमोरच्या हातपंपापासून व्हायची आणि शेवट लेआउटच्या दुसऱ्या टोकाला, श्वेताच्या घराशेजारी, जिथे गल्ली नाल्यात उतरायची. हे दरवर्षी बिनबोभाट जमायचं. मला खिडकीत चहा पीत बघायला गंमत वाटायची, कारण यांना पत्ता नसला तरी हे लोक ऑयलरचं प्रमेय चालत होते.

प्रमेय सोपं आहे. कोनिग्सबर्ग नावाच्या शहरात सात पूल होते, आणि लोकांना ते सगळे एकेकदाच ओलांडून फिरायचं होतं. ऑयलरने घरबसल्या सांगितलं, जमणार नाही. चौकात एका रस्त्याने आलात तर दुसऱ्याने बाहेर पडावं लागतं, म्हणून रस्त्यांच्या जोड्या लागतात. ज्या चौकात रस्त्यांची संख्या विषम, तिथे एक रस्ता बिनजोडीचा उरतो, आणि तुमची वाट तिथून सुरू तरी व्हावी लागते नाहीतर तिथे संपावी तरी लागते. असे दोनच चौक असले तर एकापासून निघायचं आणि दुसऱ्यापाशी थांबायचं. तुमच्या मर्जीचा त्यात प्रश्न नसतो.

श्वेता माझी विद्यार्थिनी. गणिताच्या एम-थ्री पेपरात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा मी कान धरून पास केली. पुढे लग्न होऊन नेमकी याच लेआउटमध्ये आली. नवरा अश्विन वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, सासू भागीरथाबाई. दर रविवारी श्वेता माझ्याकडे यायची, फ्रीज उघडून बघायची आणि शिळं ठेवल्याबद्दल मलाच रागवायची. एवढं बोलायची मुभा मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. माझा त्या पोरीवर जीव आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका बिल्डरने नाल्यापलीकडची जमीन घेतली. श्वेताच्या घराशेजारी गल्ली नाल्याकडे उघडायची, तिथे त्याने उंच भिंत घातली, त्यावर तार ओढली, आणि त्या बाजूचा नाला पाइपात घालून वर स्लॅब टाकला. मारबतीच्या दिवशी रुपरावकाकांनी, तिथं गेल्यावर बघू, असा खास आपल्याकडचा विचार केला. लोक सगळ्या गल्ल्या फिरून भिंतीपाशी आले. पुढे जाता येईना, मागे फिरायला नियम आडवा. मग सगळ्या लेआउटची पिडा उचललेली ती बाई त्यांनी श्वेताच्या फाटकाशेजारी भिंतीला टेकवून उभी केली आणि घरी गेले. कचरागाडीवाले नेतील, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथे नव्हती, पण कचरागाडीही आलेली नव्हती.

श्वेताला तेव्हा पाचवा महिना होता. पंधरा दिवसांत मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. मीही तिला तेच समजावलं, आणि ते खोटं नाही.

या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, प्रवास बंद केला, त्यामुळे माहेरी जायची सोय नव्हती. पोळा जवळ आला तेव्हा सातवा लागला होता. मी कॉलेजातून परस्पर तिच्याकडे जायचे. एके दिवशी ती म्हणाली, "मॅडम, माझ्या घरातून काही बाहेरच नाही जाऊन राहिलं."

"म्हणजे काय?"

"कालच्या भाजीचा वास आज राहते. उदबत्ती लावली तर धूर खिडकीतून जात नाही, हॉलमधीच उभा राहते. सासूबाई म्हणतेत, कोनीतरी येऊन थांबलं आहे अन् त्याले जायले रस्ता नाही."

"किचनला चिमणी बसवून घे," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "चार वाजेपर्यंत थांबा."

मी थांबले. दुपार कडक होती, भागीरथाबाई आत झोपल्या होत्या, पंखा सुरू होता. भिंतीच्या बांधकामाची उरलेली गिट्टी, म्हणजे खडी, फाटकाबाहेर पसरलेली आहे. त्या गिट्टीवर कुणीतरी उभं असल्याचा आवाज आला. चालल्याचा नाही. लांबून चालत आलेला माणूस उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तसा. करकर व्हायची, थांबायची, पुन्हा व्हायची. श्वेता माझ्याकडे बघत होती. मी उठून सरळ बाहेर गेले, कारण मला अशा गोष्टींचा राग येतो.

बाहेर कुणी नव्हतं. फाटकाशेजारी दोन जागी गिट्टी खोलगट झाली होती, आणि इतक्या उन्हात तेवढीच ओली होती. मी वाकून बघत होते तेवढ्यात डावीकडची गिट्टी माझ्या डोळ्यांदेखत जराशी आणखी दबली आणि उजवीकडची वर आली. मी घाबरले. घरात येऊन श्वेताला सांगितलं, मांजर आहे. ते तिला पटलं नाही हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी रुपरावकाका माझ्याकडे आले. सोबत अश्विन होता.

"मॅडम, तुमी गनित शिकवता," काका म्हणाले. "मागल्या वर्षी आमचं चुकलं. यंदा असा रस्ता काढून द्या का मारबत त्या पोरीच्या दारात नाही संपली पाहिजे."

"मेन गेटमधून बाहेर न्या ना," मी म्हटलं.

"ज्या वाटेनं लेकरं घरी येतात त्या वाटेनं पिडा नेत नसतेत."

अश्विन इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, मी मानत नव्हतो हे. पन तिचं खाणंपिणं सुटलं. मले फक्त ते दोघं पाहिजेत."

ते गेल्यावर मी शिकवणीच्या फळ्यावर लेआउट काढला आणि मार्करने वाटा काढायला लागले. उत्तर मला पहिल्या मिनिटालाच दिसलं होतं, तरी मी संध्याकाळपर्यंत रेघोट्या मारल्या. पूर्वी श्वेताच्या कोपऱ्यावर तीन गल्ल्या आणि चौथी नाल्याची वाट होती. भिंतीने ती चौथी खाल्ली. तीन उरल्या, म्हणजे विषम. दुसरा विषम कोपरा हातपंपाचा, तिथेही तीन. बाकी सगळे सम. हातपंपापासून निघालं तर वाट श्वेताच्या दारात संपणार, मधल्या गल्ल्या कशाही फिरा. श्वेताच्या दारातून निघालं तर माझ्या दारात. तिसरं उत्तर ऑयलर देत नाही.

मारबतीवर विश्वास नसलेल्या बाईने सरळ म्हणायला हवं होतं, येऊ द्या माझ्या दारात. गिट्टी दबताना पाहिली नसती तर म्हटलंही असतं. मी फळ्यासमोर बसून राहिले, आणि मला स्वतःची लाज वाटली. मग एकदम सुचलं. आमच्या रांगेत बाकी सगळ्यांनी नाल्याकडच्या भिंती बंद केल्यात, पण मी धुणं वाळत घालायला मागचं दार ठेवलं आहे. दाराबाहेर पायऱ्या आणि खाली तोच नाला, या टोकाला अजून उघडा. पुढच्या दारातून आत, मधल्या बोळातून सरळ, मागच्या दाराने बाहेर. घर म्हणजे तरी काय, हातपंपापासून नाल्यापर्यंतची एक गल्लीच. ती धरली तर माझा कोपरा सम होतो, आणि श्वेताच्या दारातून निघालेली वाट नाल्यात जाऊन संपते. मला इतका आनंद झाला की मी फळ्यापुढे टाळी वाजवली.

रुपरावकाकांना आनंद झाला नाही. "घरातून पिडा कोनी नेत नाही, मॅडम."

"घर समजायचंच नाही, काका. गल्ली समजायची."

"तुमी समजाल. पन ते समजन का?"

"ऑयलरला समजलं म्हणजे झालं," मी म्हटलं.  दुसरा रस्ता त्यांच्याकडेही नव्हता.

मारबतीच्या दिवशी मी दोन्ही दारं सताड उघडली आणि बोळातलं सगळं सामान हलवलं. या वर्षीची मारबत श्वेताच्या फाटकापाशीच बांधली होती. श्वेताने आपल्या फाटकातून म्हटलं, घेऊन जा गे मारबत, आणि अश्विनसकट चौघांनी तिला उचललं. अश्विन मला नंतर म्हणाला की कामट्यांचा तो सांगाडा कणकेच्या पोत्यासारखा जड लागला, आणि पुढे गल्लीगणिक जड होत गेला. माझ्या दारात आले तेव्हा चौघांचेही पाय थरथरत होते. मी बाजूला झाले. पळसाची पानं दोन्हीकडच्या भिंतींना घासत ती माझ्या घरात शिरली.

माझा बोळ म्हणजे काही मैदान नव्हे. चार ढांगांत माणूस या दारातून त्या दारात जातो. मी पुढच्या दारात उभी राहून त्यांची पाठ बघत होते आणि ते चालतच होते. पाय उचलत होते, टाकत होते, घामाने निथळत होते, आणि मागचं दार त्यांच्यापासून तेवढंच लांब होतं. आत ओल्या पेंढ्याचा वास भरला. रुपरावकाकांनी माझा हात घट्ट धरला. मग एकदाचे ते बाहेर पडले, तिला नाल्यात सोडलं, आणि मागे न बघता काठाकाठाने निघून गेले. मी दार लावून कडी घातली आणि फरशी फिनाइलने पुसली.

त्याच संध्याकाळी श्वेताच्या घरातला धूर खिडकीतून बाहेर गेला. तिने मला फोन करून हे सांगितलं आणि रडली. गिट्टी कोरडी झाली. ती जेवायला लागली. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली, वजन चांगलं, आवाज खणखणीत. भागीरथाबाईंनी सव्वा महिना कुणालाच बाळ दाखवलं नाही, मलाही नाही. मी फोनवर फोटो बघायचे, पुन्हा पुन्हा बघायचे. मी खूश होते. स्टाफरूममध्ये नाव न घेता ही गोष्ट मी दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा ऑयलरपेक्षा स्वतःचंच कौतुक जास्त केलं.

डिसेंबरात वर्गात तेच प्रमेय आलं. मी फळ्यावर गल्ल्या काढल्या, एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला वाट संपवली. वैभवी नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, हेच उलटं चाललं तर?"

"चालतं की," मी म्हणाले. "प्रमेयाला कुठलं टोक पहिलं हे माहीत नसतं. जिथे संपली तिथून निघा, सगळ्या गल्ल्या एकेकदाच फिराल, आणि जिथून निघाली होती तिथे पोचाल."

हे वाक्य मी प्रत्येक बॅचला सांगत आले आहे. या खेपेला मी ते ऐकलं. नाल्यापासून निघा. माझ्या घरातून या. सगळ्या गल्ल्या फिरा आणि श्वेताच्या दारात थांबा. पूर्वी नाल्यात सोडलेलं पाण्याबरोबर वाहून जायचं. आता पुढे पाइप आहे आणि पाइपाच्या तोंडाला बिल्डरची जाळी. सोडलेली मारबत गेली कुठे, हे मी पाहिलंच नव्हतं. मागे बघायचं नाही म्हणून कुणीच पाहिलं नव्हतं.

मी खडू ठेवला आणि निघाले. पार्किंगमध्ये श्वेताचा फोन आला.

"मॅडम, सव्वा महिना झाला आज. पयल्यांदा बाहेर काढून राहिली तिले. देवळातून सीधी तुमच्याकडं आणते."

"आज नको," मी म्हणाले, पण तिने हसत फोन ठेवला होता.

घरी पोचले, कुलूप उघडलं, आत शिरले आणि पुढचं दार लावून घेतलं. मागचं दार उघडं होतं. सकाळी घातलेली कडी निघून लोंबत होती. पायऱ्या वरपर्यंत ओल्या होत्या. बोळात फरशीवर पाण्याचे दोन डाग होते, शेजारी शेजारी, आणि पळसाचं एक कुजलेलं पान. मी बघत असताना डावा डाग जरा पसरला. मग उजवा. ती उभी होती आणि पायांवरचा भार बदलत होती. पुढचं दार बंद होतं म्हणून तेवढी थांबली होती.

मागे हो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण आलेल्या गल्लीतून परत जायचं नाही, हा तर तिचाच नियम. माझं घर तिने मी सांगितल्याप्रमाणे गल्लीच समजलं होतं. तिला आता पुढेच जायचं होतं, आणि पुढे मी होते.

फाटक वाजलं. "मॅडम," श्वेताची हाक आली. "उघडा ना. बघा तरी कोन आलं."

बाळाचा आवाज आला, रडण्याचा नव्हे, नुसता हुंकार. मला त्या मुलीला बघायचं होतं. इतकं बघायचं होतं की हात कडीवर गेला.

"मॅडम, काहून उघडून नाही राहिल्या? तुमची गाडी तर इथंच आहे."

माझ्या मागे फरशीवर ओलं पाऊल पडल्याचा आवाज झाला, आधीच्या दोन डागांपेक्षा जवळ. मी कडीवरून हात काढला.

"घरी जा, श्वेता," मी दाराआडून म्हटलं. "तिला इथे आणू नकोस. पुन्हा कधीच आणू नकोस."

 मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझं काही चुकलं का, मॅडम?"

नाही, असं मला म्हणायचं होतं. पण माझा आवाज रडका झाला असता आणि तो ऐकून ती गेली नसती. म्हणून मी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने फाटक लागल्याचा आवाज आला. मी दाराला पाठ लावून खाली बसले, आणि माझ्यासमोरच्या फरशीवर पाणी हळूहळू माझ्या पायांपर्यंत आलं.